चाळणीतले गहू

मुळे बाईंचं नाव मी आजवर एकाही सत्काराला घेतलेलं नाही. कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा मुलांनी विचारलं, मॅडम, तुम्हाला भौतिकशास्त्राची गोडी कुणी लावली? मी म्हणाले, माझ्या वडिलांच्या वेल्डिंगच्या काचेनं. सगळे हसले, टाळ्या पडल्या. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं सांगायचं तर त्या बाईचे आभार मानावे लागले असते, आणि ते माझ्या जिभेवर येत नाहीत. वय झालं की माणूस निवळतो असं म्हणतात. मी निवळले नाही. परवाच आमच्या पुंडलिकनगरातल्या सोसायटीच्या ग्रुपवर ग्रहणाचे वेध कधी लागणार, काय शिजवावं, काय फेकून द्यावं, गरोदर बाईनं कात्री हातात का धरू नये, असा हातभर लांब मजकूर आला. पाठवणारा कोण, तर चांगला शिकलेला इंजिनिअर. त्याखाली एकीनं लिहिलं होतं, "सुटल्यावर दान मागायला हल्ली कुणी येतच नाही हो, द्यायचं तरी कुणाला?" ते वाचलं. मोबाईल पालथा ठेवला आणि हे प्रकरण लिहायला घेतलं. बरेच दिवस ते टाळत होते.

आम्ही तेव्हा शहराबाहेर हर्सूलला राहायचो, जेलच्या भिंतीपलीकडे, पत्र्याच्या दोन खोल्यांत. घरात घड्याळ नव्हतं. जेलमध्ये तासातासाला टोला पडायचा आणि त्यावर आमचं घर चालायचं. कैद्यांच्या टोल्यावर मी शाळेला निघते असं दादा चिडवायचे. दादा म्हणजे माझे वडील. एका शेडमध्ये ते खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं वेल्डिंग करायचे. कधी कामाच्या घाईत काच न धरता टाका मारला की डोळ्यांना आर्क, म्हणजे वेल्डिंगचा झगझगाट, लागायचा. मग संध्याकाळी ते भिंतीशी आडवे पडायचे, आणि आई कच्च्या बटाट्याच्या चकत्या करून त्यांच्या डोळ्यांवर ठेवायची. मला दादांपेक्षा बटाट्याचं जास्त वाईट वाटायचं, कारण आमच्याकडे रोज येसराची आमटी आणि भाकरी, बटाट्याची भाजी क्वचित. आई तलावाकडच्या मळ्यात खुरपायला जायची. तिचा आवाज असा खणखणीत की बांधावरून हाक मारली तर घरात ऐकू यावी. शेजारणी म्हणायच्या, हिला भोंगा कशाला पाहिजे. हा आवाज आईनं कुठं कमावला, ते मला तोवर माहीत नव्हतं.

मुळे बाई शहरातल्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, आणि उत्तम शिकवायच्या. हे लिहिताना माझे दात करकरतात, पण खोटं कशाला लिहू? त्यांनी एकदा टेबलावर पेटता बल्ब ठेवला, एका हातात मोसंबं घेतलं आणि दुसऱ्या हातात बोर. बल्ब म्हणजे सूर्य, मोसंबं म्हणजे पृथ्वी, बोर म्हणजे चंद्र. म्हणाल्या, एवढंसं बोर एवढ्या मोठ्या सूर्याला कसं झाकेल? वर्गातून नाना उत्तरं आली. मग त्यांनी एकेकाला पुढं बोलावून एक डोळा मिटायला लावला आणि उघड्या डोळ्यासमोर बोर धरलं. बल्ब नाहीसा. "जवळची लहान वस्तू दूरच्या मोठ्या वस्तूला झाकते. बोर सरकलं की झालं, ग्रहण सुटलं. त्याला दुसरं काही लागत नाही." उत्तर पुटपुटलेलं त्यांना खपायचं नाही. "मोठ्यानं सांग, मागच्या भिंतीला ऐकू गेलं पाहिजे," असं त्या रोज कुणाला ना कुणाला म्हणायच्या. मी मागच्या भिंतीशीच बसायचे, त्यामुळे ते वाक्य मला माझ्यासाठीच असल्यासारखं वाटायचं.

वजन आणि वस्तुमान यांतला फरकही त्यांनीच शिकवला. चंद्रावर गेलीस तर तुझं वजन सहाव्या हिश्शावर येईल, वस्तुमान मात्र इथं जेवढं तेवढंच तिथं. जागा बदलली की वजन बदलतं, वस्तुमान बदलत नाही. घरी येऊन मी आईला ते समजावलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मंग चंद्रावरच पाणी भरायला जात जाऊ. हंडा हलका लागंल." दादा हसून हसून खोकले. आमच्या घरी शाळा अशी दररोज संध्याकाळी भरायची. बाई जे सांगत ते मी आईला सांगायचे, आणि आई तव्यावरची नजर न काढता त्याची टर उडवायची. पण ऐकायची सगळं. एकदा शेजारणीला ती अमावस्येचा चंद्र दिवसाच आभाळात असतो, म्हणून रात्री दिसत नाही, हे इतकं बरोबर समजावत होती की मी दाराआड उभी राहून ऐकत राहिले.

दहावीनंतर दादा मला शिवणक्लासला घालणार होते. सायन्सला पोरी कशाला, कॉलेज लांब, आपलं तिथं कोण आहे, असं त्यांचं चालायचं. मुळे बाईंनी त्यांना शाळेत बोलावून घेतलं. दादा बाकाच्या कडेवर टेकले होते, हातातली टोपी चुरगळत. बाई म्हणाल्या, "हिला सायन्सलाच घाला. काही लागलं तर मी आहे. शब्द देते." त्या दिवसापासून दादा जो भेटेल त्याला सांगायचे, बाईंनी शब्द दिलाय. माझं पुढचं सगळं शिक्षण त्या एका शब्दावर उभं होतं. मला ते ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, बाईंनाही ठाऊक होतं.

मी दहावीत असताना बोरांच्या दिवसांतच ते ग्रहण आलं. बाईंनी वर्गात सांगितलं, घाबरायचं काही कारण नाही, फक्त उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघायचं नाही. आणि चाळणीची गंमत सांगितली. चाळणी उन्हात धरली की तिच्या एकेका भोकातून सूर्याचं एकेक चित्र जमिनीवर पडतं, आणि ग्रहणात ते चित्रसुद्धा कापल्यासारखं दिसतं. मी हात वर करून सांगितलं की माझ्या दादांकडे वेल्डिंगची सगळ्यात काळी काच आहे. बाईंचा चेहरा उजळला. "त्या दिवशी शाळेला सुट्टी आहे. तू काच घेऊन माझ्या घरी ये. आपण दोघी मिळून बघू." बाईंच्या घरी! त्या आठवड्यात माझे पाय जमिनीला लागले नाहीत. दादांनी काच पुसून फडक्यात गुंडाळून दिली. धान्य चाळायची आमची पत्र्याची चाळणी मी आधीच घासून ठेवली होती. आई मात्र सकाळपासून धुसफुसत होती.

"कुटं बी जाय, पर गिराणात कुणाच्या दारात हुभं ऱ्हायचं नाय," ती म्हणाली.

"अगं, राहू नाय अन् केतू नाय. चंद्र मधी येतो. तुला सांगितलं व्हतं ना?"

"मला ठावं हाय चंद्र येतो. तरी बी दारात हुभं ऱ्हायचं नाय."

"जाऊ दे की गं तिला," दादा म्हणाले. "बाईंनी बोलावलंय."

आई चुलीकडे वळली. मला वाटलं, एवढं शिकवूनही हिच्या मनातलं ग्रहणाचं भय गेलं नाही. मी जरा तोऱ्यातच निघाले.

रस्ते ओस पडले होते. दिल्ली दरवाज्याजवळ सायकलवाले एक चाचा दुकानाची फळी लावत होते, ते ओरडले, "ए बेटी, किधर चली? गहन लगनेवाला है, घर जा!" मी चाळणी हलवून दाखवली आणि पुढं झाले. बाईंचं घर औरंगपुऱ्यात, आत एका गल्लीत. लोखंडी फाटक, पुढं फरशीचं छोटं अंगण, कोपऱ्यात आंब्याचं झाड. दार बंद, खिडक्या बंद. मी फाटकाची कडी वाजवली आणि हाक मारली, "बाई, मी आले. काच आणलीय." आत कुजबूज झाली. मग खिडकी बोटभर उघडली आणि फटीतून बाईंचा आवाज आला, "थांब हं बाहेरच. आत्ता दार उघडता येणार नाही. सासूबाई आहेत. सुटलं की बघू." सुटल्यावर काय बघणार, हे विचारायच्या आत खिडकी लागली.

मी थांबले, आणि खरं सांगते, मला त्याचं काही वाटलं नाही. कारण वर सुरुवात झाली होती. काचेतून सूर्य हिरवट दिसत होता आणि त्याच्या कडेला कुणी चावा घ्यावा तसा तुकडा गेला होता. हळूहळू ऊन पातळ झालं, गल्लीतली कुत्री गप्प झाली, अंगावर गार वारा आला. चाळणी धरली तर बाईंच्या पांढऱ्या भिंतीवर कितीतरी सूर्य उमटले, सगळे कोयरीसारखे वाकडे, सगळे एकाच दिशेला कललेले. आंब्याच्या पानांमधूनही तसेच सूर्य फरशीभर पडले होते. बाईंनी जे जे सांगितलं ते सगळं माझ्यासमोर त्यांच्याच भिंतीवर घडत होतं. मी आनंदानं ओरडले, "बाई, भिंतीवर या बघायला! सगळं तुम्ही सांगितल्यासारखं होतंय!" खिडकी हलली नाही. बोर, मोसंबं, बल्ब घेऊन जिनं मला हे शिकवलं, ती बाई भिंतीच्या आत अंधार करून बसली होती.

मग बोर सरकलं. ऊन भरून आलं. घरातून बादल्यांचा आणि पाणी ओतल्याचा आवाज आला, दार उघडलं आणि ओल्या केसांची एक म्हातारी बाई सूप घेऊन बाहेर आली. बाईंच्या सासूबाई. सुपात गहू होते. मी चाळणी दोन्ही हातांत आडवी धरून उभी होते, कारण काच मी कमरेला खोचली होती. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. फाटक किलकिलं केलं आणि म्हणाल्या, "आलीस का गं? बरी वेळेवर आलीस. धर." आणि माझा हात कुठं लागणार नाही इतक्या उंचावरून त्यांनी ते गहू माझ्या चाळणीत ओतले. पत्र्यावर गहू पडल्याचा तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

"आजी, मी त्याच्यासाठी नाही आले," मी म्हणाले. "मी बाईंची विद्यार्थिनी आहे. बाईंनी बोलावलंय मला."

तेवढ्यात मुळे बाई दारात आल्या. केसांना पंचा बांधलेला. मला वाटलं, आता त्या सांगतील. एक वाक्य पुरलं असतं. बाईंनी सासूबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी प्रेमानं म्हणाल्या, "घे गं. नाही म्हणू नकोस. जुनं माणूस आहे, त्यांच्या मनाला बरं वाटतं. आणि तुमच्यात चालतं ना हे?"

तुमच्यात. तोवर वर्गात मला वाटायचं की आम्ही दोघी एकात आहोत, ज्यांना ग्रहण कळतं त्यांच्यात. वर्गात माझं वजन होतं. मुलं माझ्याकडून उत्तरं तपासून घ्यायची. शाळेपासून दोन गल्ल्या ओलांडून बाईंच्या फाटकाशी आले तर ते शून्य झालं. वस्तुमान तेवढंच होतं, मुलगी तीच, चाळणी धरलेले हात तेच. बाईंच्याच धड्याचं एवढं चोख उदाहरण मला पुढं तीस-पस्तीस वर्षं शिकवतानाही सापडलं नाही. कॉलेजात तो धडा आला की माझा आवाज चढायचा आणि पोरांना वाटायचं मॅडमना विषयाची तळमळ आहे. तळमळ कसली, संताप होता तो!

घरी गेले तेव्हा आई चुलीपुढं होती. तिनं चाळणीत बघितलं आणि हातातला पिठाचा गोळा परातीत ठेवला.

"कुणी घातलं?"

मी सांगितलं. तुमच्यात चालतं ना, हेही सांगितलं. आईनं चाळणी माझ्या हातातून घेऊन खाली ठेवली. मग बोलली, आणि जे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. बिडकीनकडच्या तिच्या गावात ग्रहण लागलं की तिची आई तिला बरोबर घेऊन टोपली काखेला लावून निघायची. "सूर्याला गिळणारा म्हणं आपल्या जातीचा. आपल्याला दाणं दिलं की मंग तो सोडतो. दारोदार हिंडायचं अन् वरडायचं. दे दान, सुटे गिराण! जो लई वरडंल त्याला पसाभर जास्ती. आय म्हणायची, वरड गं, तुझा आवाज चांगला हाय." दीक्षा घेतली त्या दिवशी आजीनं ती टोपली चुलीत घातली. आई तेव्हा लहान होती, पण टोपली जळताना तिनं बघितली होती. "मला गिराणाचं भ्या नव्हतं गं," आई म्हणाली. "दाराचं व्हतं."

मग ती उठली, हात धुतले, नेसतं लुगडं बदललं आणि चाळणी उचलली. "चल. घर दाव."

हर्सूलहून औरंगपुऱ्यापर्यंत आई झपझप चालत होती. चाळणी तिनं पुढं धरली होती आणि एक दाणा सांडू दिला नाही. गल्लीत आता वर्दळ होती, बायका सडा घालत होत्या. आई फाटकाशी उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला आणि बांधावरून हाक मारावी तशी ओरडली,

"घ्या दान! सुटलं तुमचं गिराण!"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. आईनं परत हाक दिली, आधीपेक्षा मोठी. लहानपणी गावभर हिंडून कमावलेला तो आवाज तिनं इतकी वर्षं त्या ओळीसाठी वापरला नव्हता, आणि आता वापरला तर उलटा करून. सासूबाई दारात आल्या. "अगं बाई, दिलेलं दान कुणी परत घेतं का? पाप लागतं."

"ज्यानं न मागता दिलं त्याला लागू द्या," आई म्हणाली. "सूप आणा. दाणं भुईवर टाकायची आमची रीत नाय."

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मुळे बाई आत गेल्या आणि तेच सूप घेऊन बाहेर आल्या. फाटकाशी येऊन त्यांनी ते दोन्ही हातांनी पुढं धरलं, मी चाळणी धरली होती तसंच. सगळी गल्ली बघत होती. आईनं उंचावरून ओतलं नाही. चाळणी सुपाला टेकवली, गहू सरकवले आणि भोकात अडकलेले दाणे निघावेत म्हणून पत्र्याला खालून टिचक्या मारल्या. बाईंची बोटं आईच्या बोटांना लागली.

"बाई, माझी पोरगी तुमचं बोलणं रोज घरला आणून आमाला शिकवती," आई म्हणाली, आता साध्या आवाजात. "गिराण कशानं सुटतं ते तिनं मला सांगितलं. तुमाला नाय का कुणी सांगितलं?"

बाई सूप धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते बघून माझ्या मनात दया आली, असं लिहिलं तर प्रकरण छान होईल. नाही आली. मला वाटलं, हे पाणी दुपारी कुठं होतं?

रात्री जेवताना दादा भाकरी मोडायचे थांबले. "बरूबर केलंस, पर पोरगी त्यांच्या शब्दावर सायन्सला जाणार व्हती. आता?"

"आता तिच्या सोताच्या शब्दावर जाईल," आई म्हणाली आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली. दादांचा जीव काही थाऱ्यावर नव्हता, आणि माझाही नव्हता. बाईंनी मनात आणलं असतं तर माझी वाट तिथंच बंद झाली असती.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या भिंतीशी जाऊन बसले. बाई आल्या. टेबलावर बल्ब, मोसंबं, बोर. रात्रभर झोपल्या नसाव्यात. त्यांनी वर्गाला विचारलं, काल कुणी कुणी पाहिलं? कुणाचाच हात वर नव्हता. मी माझा हात मांडीवर ठेवला. बाईंनी थोडा वेळ वाट बघितली, मग माझं नाव घेतलं. "उभी राहा. तू सांग, ग्रहण कशामुळे सुटतं?"

मला कळलं, त्यांना हे मिटवायचं होतं. मी उत्तर द्यायचं, त्यांनी शाबास म्हणायचं, आणि कालचं झाकून टाकायचं. मी उभी राहिले. दादांची चुरगळलेली टोपी डोळ्यांसमोर आली.

"तुम्ही सांगा, बाई."

बाईंनी टेबलावरचं बोर उचललं, परत ठेवलं. खाली बघून काहीतरी म्हणाल्या.

"मोठ्यानं सांगा, बाई," मी म्हणाले. "मागच्या भिंतीला ऐकू गेलं नाही."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या मला वर्गाबाहेर काढू शकत होत्या. "चंद्र पुढे सरकतो," त्या म्हणाल्या. "म्हणून सुटतं."

"त्याला दुसरं काही द्यावं लागतं?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि हे मात्र मोठ्यानं म्हणाल्या. "कुणालाच काही द्यावं लागत नाही."

मग मी खाली बसले.